एका पंगतीला बसायचं तर

वाचकांचे प्रश्न

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती वाचकांच्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. पत्रं लांब होती, इथे गाभा तेवढा ठेवला आहे आणि नावं गाळली आहेत. ‘एकी’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. आम्ही मात्र उत्तरांत तो जपूनच वापरला आहे. नव्या करारात हा विषय निघतो तेव्हा बोलणं बहुधा जेवणाचं, पैशाचं, बसायच्या जागेचं, कोण वाढणार याचं असतं. आम्हीही तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न : नाताळनंतर आमच्या मंडळीत प्रीतिभोजन असतं. प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा. दोन-तीन वर्षं बघतेय, काही घरांची पातेली पुसून रिकामी होतात आणि काहींची भरलेली तशीच परत जातात. कुणी बोलत मात्र नाही. त्यातच आमच्या कोळणी बाजार आटोपून येईपर्यंत मटण संपलेलं असतं. हे बोलावं कसं? (रत्नागिरी)

बोलू नका, पद्धत बदला. भरलेलं पातेलं परत का गेलं हे कुणालाही विचारा, ‘पोट भरलं होतं’ असंच उत्तर येईल. खरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं. कोणत्या वाडीतल्या कोणत्या चुलीवर शिजलं, हे बघून हात पुढे जातो किंवा मागे येतो. नाव बदललं, बाप्तिस्मा झाला, तीन पिढ्या गेल्या, तरी जात पातेल्याच्या झाकणावर बसून येते. व्यासपीठावरून यावर प्रवचन दिलंत तर ज्यांच्यासाठी दिलं ते मान डोलावतील, आणि ज्यांचं पातेलं परत गेलं ते मात्र चारचौघांत खाली मान घालतील.

करिंथच्या मंडळीत हेच चाललं होतं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११, ओव्या २० ते २२ वाचा. एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो, असं पौल लिहितो. त्या काळच्या सुखवस्तू रोमी घरात जेवणाच्या खोलीत साधारण नऊ जण टेकून जेवत, बाकीच्यांची सोय अंगणात. सवड असलेले आधी येत. गुलाम आणि मोलमजुरी करणारे काम सुटल्यावर येत, तोवर चांगलं ते संपलेलं असे. यावर पौल लांबलचक सिद्धान्त मांडत नाही. ओवी ३३ मध्ये तीन शब्दांचा नियम देतो : एकमेकांची वाट पाहा.

म्हणून पहिला बदल वेळेचा. घड्याळ मंडळीच्या कार्यालयाचं नको, सगळ्यात उशिरा सुटणाऱ्या माणसाचं धरा. मासळीबाजार दुपारी एक-दीडला आटोपत असेल, तर पान दोनच्या आधी मांडू नका. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै. कोळीवाडा तेव्हा घरी असतो. वर्षातून एक भोजन त्या दिवसांत ठेवलं तर वाट बघण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा बदल चुलीचा. घरोघरचे डबे बंद, एकच मोठा टोप. शंभर माणसांना तांदूळ १० ते १२ किलो, हाडांसकट कोंबडी १५ किलो, डाळ ४ किलो, कांदे ५-६ किलो लागतील. वाटणाला नारळ वेगळे घ्या. सोलकढीला १५ नारळ आणि अर्धा किलो आमसुलं. शाकाहारी किती आहेत ते आदल्या रविवारी हात वर करून मोजा आणि त्यांची उसळ वेगळ्या टोपात, वेगळ्या डावाने. वसईकडची घरं डुकराचं मटण करतील, ते असू द्या. पण नुकत्याच विश्वासात आलेल्या अनेकांना ते चालत नाही, तेव्हा त्याचा टोप पंगतीच्या वाटेवर ठेवू नका. कापणं, वाटणं, शिजवणं यासाठी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावा. ‘ज्यांना जमेल त्यांनी यावं’ म्हटलंत तर नेहमीच्याच चार बायका येतील, आणि त्या चौघी एकाच आळीतल्या निघतील.

तिसरा बदल बसण्याचा. बुफे ठेवू नका. बुफेत माणूस ताट घेऊन आपल्या माणसांचा कोपरा शोधतो. पंगतीत येईल तसं बसावं लागतं. मात्र पंगतीलाही खोड आहे : पहिल्या पंगतीला मानाची माणसं बसतात आणि तिसऱ्या पंगतीला रस्सा उरतो. म्हणून पहिलं पान वाढायच्या आधी मटणाचा तिसरा हिस्सा झाकून बाजूला काढा. पाळक आणि पंच शेवटच्या पंगतीला बसतील, आधीच्या पंगतींना तेच वाढतील. वर्गणी बंद पाकिटातून घ्या आणि कुणाचे किती हे वाचून दाखवू नका. नाहीतर पातेल्याची जागा पावती घेईल.

जेवण ही किरकोळ बाब आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना गलतीकरांस पत्र २:११-१४ दाखवा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमेहून काही मंडळी आली तशी तो उठला आणि वेगळा बसू लागला. बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर बोल लावला, आणि शिस्तभंग म्हणून नव्हे, तर ‘सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालत नाहीत’ म्हणून. शिकवण न बदलता नुसती जागा बदलली, तरी पौलाच्या लेखी सुवार्ताच बदलली.

जाता जाता एक. प्रभुभोजनात एका सामायिक पेल्याऐवजी प्रत्येकाला वेगळे छोटे पेले आरोग्याच्या कारणाने आले आणि ते कारण खरं आहे. आपल्याकडे ते तेवढ्याच कारणाने आवडतात का, हे प्रत्येक मंडळीने आपलं आपण तपासावं.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जुनी गाववाली घरं आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इमारतींत राहायला आलेली कुटुंबं, असे उघड दोन गट आहेत. मराठी, इंग्रजी, कोकणी, मल्याळम, तमिळ सगळ्या भाषांची माणसं आहेत. मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, भाषेवरून दर सणाला वाद. गाववाले म्हणतात, चर्च आमच्या पूर्वजांनी बांधलं. (नालासोपारा)

पूर्वजांनी बांधलं हे खरं आहे आणि ते मान्य करूनच सुरुवात करावी. वसईच्या ख्रिस्ती गावांचा इतिहास पोर्तुगीज काळापासूनचा. पण ‘आमचं’ म्हणणारा गटही पूर्वी एक नव्हता. सामवेदी, वाडवळ, कोळी अशी बोली-पोशाखाने वेगळी घरं होती, आणि ‘ईस्ट इंडियन’ हे सामायिक नाव तर १८८७ मध्ये संस्था स्थापून घेतलेलं, तेही गोवा-मंगळूरकडून नोकरीला आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. सामवेदींची कडोडी बोलणारी आजी आणि कोळीवाड्यातली आजी एका बाकावर बसू लागल्या त्याला काही पिढ्या लागल्या. इमारतवाल्यांना पंचवीस वर्षांत सगळं जमावं ही अपेक्षा जरा घाईची आहे.

केरळच्या सिरो-मलबार कुटुंबांबद्दल एक माहिती हवी. ती कॅथलिकच आहेत, पण त्यांची उपासनापद्धती वेगळी आहे. त्यांच्यासाठी कल्याणचा धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला. वसईचा लॅटिन विधीचा धर्मप्रांत १९९८ चा. एकाच जमिनीवर दोन बिशपांचं क्षेत्र असणं हा गोंधळ नव्हे, चर्चनेच केलेली सोय आहे. तेव्हा ती कुटुंबं रविवारी आपल्या विधीला गेली तर ‘फुटून गेली’ म्हणू नये.

आता भाषा. बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून रविवार वाटून देतात : पहिला मराठी, दुसरा इंग्रजी, तिसरा कोकणी. हा उपाय फसतो. वर्षभरात लोक आपापल्याच रविवारी येऊ लागतात आणि एका धर्मग्रामाचे तीन होतात. दुसरा फसणारा उपाय म्हणजे सगळं तीनदा म्हणणं. मिस्सा पावणेदोन तासांवर जाते, मुलं बाहेर पळतात, मग त्यांच्यामागे आयाही.

रोजच्या रविवारी ज्याच्या त्याच्या भाषेतल्या मिस्सा चालू द्या. एकत्र मिस्सा वर्षातून पाच-सहाच ठेवा : धर्मग्रामाचा सण, पवित्र गुरुवार, नाताळची मध्यरात्र, कॉर्पस क्रिस्ती (ख्रिस्तशरीराचा सण) अशा. त्या दिवशी मिस्सेची मुख्य भाषा एकच, आणि आपल्या भागात ती मराठी असावी असं आमचं मत आहे, कारण दुकानात, बसमध्ये, शाळेत तीच सगळ्यांच्या कानावर आहे. पहिलं वाचन इंग्रजीत, दुसरं कोकणीत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना प्रत्येकी एका भाषेत. प्रवचन मराठीत, दहा मिनिटांत, आणि त्याचा पानभर सारांश बाकी भाषांत छापून बाकांवर. वाचनांचा मजकूर प्रत्येकाच्या हातात असला की परक्या भाषेतलं वाचन कंटाळवाणं होत नाही, माणूस बोट ठेवून ऐकतो. गायकवृंद मिसळलेला असावा. त्यासाठी सराव किमान चार, दोन सरावांत उच्चार बसत नाहीत. माणसं ख्रिस्ती गीतांच्या अर्थापेक्षा चालीवर आधी जमतात, हे कुठल्याही गायकवृंदाच्या प्रमुखाला विचारा.

खरी मेख मात्र भाषेत नसून समितीत आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितलं. त्यांची नावं बघा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक, आणि निकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. तक्रारदारांचा ‘एक प्रतिनिधी’ घेतला नाही. वाटपाची किल्लीच त्यांच्या माणसांकडे दिली, आणि त्यांनी इब्री विधवांनाही वाढलं असणार. तुमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये इमारतवाल्यांना वाचन आणि फुलांची सजावट मिळते की खजिना आणि सणाची मिरवणूकही, ते आधी बघा. मिरवणुकीतला मान जुन्या घरांना प्रिय असतो, तो काढून घेऊ नका. मिरवणुकीचा मार्ग मात्र वाढवून एका तरी सोसायटीच्या फाटकापर्यंत न्या.

प्रश्न : चतुर्थीत शेजारून मोदक-करंज्यांचं ताट येतं. मी लहानपणापासून खात आले. माझ्या धाकट्या जाऊबाई हिंदू घरातून आलेल्या, पाच वर्षांपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या हात लावत नाहीत आणि मी खाल्लं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्यात चूक कोण? (मालवण)

दोघीही नाही, पण दोघींनाही काही पाळावं लागेल.

मराठी शास्त्रात करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय ‘नैवेद्य’ हाच शब्द वापरतो, म्हणून कोकणातल्या वाचकाला तो थेट आपल्या ओटीवरचा वाटतो. मुळात तिथे बळीच्या मांसाचा प्रश्न होता. आठव्या ते दहाव्या अध्यायात पौल प्रसंगांनुसार वेगवेगळं सांगतो. पूजेच्या विधीत भागीदार म्हणून बसायचं असेल तर नको (१०:१४-२२). बाजारात विकत मिळतं ते चौकशी न करता खा (१०:२५). कुणी घरी बोलावलं तर समोर येईल ते खा. पण तिथे कुणी ‘हे नैवेद्याचं आहे’ असं म्हणाला तर खाऊ नका, आपल्यासाठी नाही, त्या म्हणणाऱ्यासाठी (१०:२७-२९). आपल्या जाऊबाई या शेवटच्या प्रसंगातल्या आहेत.

अशा माणसाच्या मनाला पौल ‘दुर्बळ’ म्हणतो, आणि तो शब्द इथे घात करतो. दुर्बळ म्हणजे कमी समजूतदार नव्हे. ८:७ मध्ये पौल सवयीबद्दल बोलतो. तुमच्यासाठी मोदक हा चतुर्थीचा खाऊ आहे. त्यांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं तोच मोदक हात जोडून घेतलेला आहे, आणि तो सोडताना माहेर दुखावलेलं आहे. तो घास त्यांच्या तोंडात वेगळा लागणारच.

म्हणून त्यांच्यासमोर खाऊ नका. लपूनही खाऊ नका, स्वयंपाकघरात दार लोटून खाल्लेली करंजी उघड खाल्लेल्या करंजीपेक्षा जास्त दुखवते. ‘मी सणात हे खाते, तुमच्यासमोर खाणार नाही’ असं एकदा सरळ सांगून टाका. त्यांच्याकडूनही एक अपेक्षा आहे. रोमकरांस १४:३ दोन्हीकडून बांधतं : खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. ‘ताई अजून खऱ्या विश्वासात नाहीत’ असं त्यांनी प्रार्थनासभेत म्हणायचं नाही. मुलं विचारतील तेव्हा ‘या घरात दोन पद्धती आहेत’ एवढं सांगा.

ताट दारातून परत पाठवू नका. दोन्ही हातांनी घ्या, आणि कोकणच्या रिवाजाप्रमाणे रिकामं परत देऊ नका, घरचं काही घालून द्या. ‘नैवेद्याआधी आमचं वेगळं काढून ठेवा’ असं मात्र शेजाऱ्यांना सुचवू नका. त्यांच्याकडे नैवेद्याआधी कुणी चवही घेत नाही. तुमचा प्रश्न सोडवताना त्यांना पेचात टाकाल.

प्रश्न : मुलगी कॅथलिक, मुलगा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, म्हणजे प्रॉटेस्टंट. दोन्ही घरं तयार आहेत, पण ‘मुलाला सही करून द्यावी लागेल’ म्हणून त्याचे आजोबा अडून बसले आहेत. लग्न दोन्हीकडे लावलं तर? (सावंतवाडी)

आजोबांना आठवतं तो नियम जुना आहे. पूर्वी दोन्ही पक्षांकडून वचन घेतलं जाई. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो बदलला आणि १९८३ च्या चर्च कायद्यातही बदल कायम आहे. आता वचन फक्त कॅथलिक व्यक्ती देते : आपला विश्वास सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून शक्य ते सारं करीन. मुलाला या वचनाची माहिती द्यायची असते, सही त्याची नसते. ‘शक्य ते’ या शब्दांना वजन आहे. तेव्हा मुलांचं काय हे दोघांनी साखरपुड्याआधी बोलून घ्यावं, बारशाला नको.

दोन वेळा लग्न लावू नका. चर्च कायदा १,१२७ दुसऱ्यांदा संमती घेण्याला स्पष्ट मनाई करतो. लग्न एकाच ठिकाणी. कॅथलिक चर्चमध्ये असेल तर बिशपांची परवानगी हवी. मुलाच्या चर्चमध्ये असेल तर त्याखेरीज कॅथलिक विधीतून सूट हवी, आणि ती लग्नाआधी हातात हवी. ‘मागाहून बघू’ म्हणून लावलेलं लग्न देशाच्या कायद्याने लग्न ठरतं, पण कॅथलिक चर्च ते वैध धरत नाही, आणि हे बहुधा पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी उघडं पडतं. फादरांना निदान तीन महिने आधी भेटा. बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढलेला लागतो, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला, कारण लग्न झाल्याची नोंद त्याच नोंदवहीत होते. विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र आणि दोन्ही चर्चमधल्या घोषणा हेही वेळ खातात.

दुसरे पाळक वेदीपाशी उभे राहू शकतात, वाचन, प्रार्थना, आशीर्वाद देऊ शकतात. संमती मात्र एकच जण विचारील. आणि मिस्सेविना, वचनविधीत लग्न लावावं असं आमचं सांगणं. मिस्सा ठेवलीत की कम्युनियनच्या (प्रभुभोजनाच्या) वेळी कॅथलिक अर्धा मंडप उठतो आणि बाकीचा बसून राहतो, आणि जे बसतात त्यांत नवरामुलगा असतो. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. त्यात लग्नाची सर्वसाधारण वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी दिलेली आहे, मुहूर्ताच्या हौशीने आठ वाजता नेऊ नका.

प्रश्न : लहानपणी बाप्तिस्मा झाला. आता ज्या प्रार्थनासंगतीला जातो तिथे म्हणतात, तो बाप्तिस्माच नव्हे, पुन्हा घे. (अलिबाग)

पाणी वापरलं होतं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला होता, तर कॅथलिक चर्च आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया दोघंही तो मानतात, आणि एकमेकांचाही मानतात. झाला की नाही याचीच शंका असेल तर कॅथलिक चर्चमध्ये सशर्त बाप्तिस्मा देण्याची सोय आहे. नुसता दाखला हरवला म्हणून तो देत नाहीत, आधी साक्षीदार आणि नोंदवही शोधतात. बाप्टिस्ट परंपरेची मंडळी मात्र समजत्या वयातल्या कबुलीशिवाय बाप्तिस्मा मानत नाहीत, आणि तेही शास्त्र धरूनच बोलतात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यांत बाप्टिस्टही होते. तिथे बालबाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा असे दोन्ही मार्ग ठेवले. तुम्हाला मनाची कबुली जाहीर द्यावीशी वाटत असेल तर बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण करा. पाण्यात पुन्हा उतरलात तर आईबापांनी केलेलं खोटं होतं असं जाहीर होतं, आणि ते तुम्हाला म्हणायचं आहे का, याचा आधी विचार करा.

प्रश्न : मंडळीतले दोन जुने सेवक, एक कोषाध्यक्ष आणि एक सचिव, दोन वर्षं बोलत नाहीत. दोघांचे गट झालेत. समेट कसा घडवावा? (वसई)

आधी बघा की भांडण हिशेबाचं आहे की मनाचं. हिशेबाचं असेल तर समेटाची सभा घेऊ नका, लेखापरीक्षण करा. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे हिशेब तपासून घेणं बंधनकारकच आहे, आणि विश्वस्तांत बदल झाला तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. आकडे जुळायच्या आत हातात हात घातले तर दर वार्षिक सभेत तेच भांडण नव्याने निघतं. मारहाण, छळ, मुलांशी गैरवर्तन असं काही असेल तर हे उत्तर इथेच सोडा आणि पोलिसांकडे जा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ‘एकट्याने जाऊन त्याला समजाव’ म्हणणं हा शास्त्राचा गैरवापर आहे.

मनाचं असेल तर मत्तय १८:१५-१७ मधल्या पायऱ्या आहेत : आधी एकट्याने जा, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे त्या उलट्या चढल्या जातात. पहिल्याच दिवशी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहिलं जातं, म्हणजे तिसरी पायरी. मग आपल्या बाजूची चार माणसं घेऊन भेट, म्हणजे बिघडलेली दुसरी. एकट्याने जाणं राहूनच जातं.

एकट्याने जा म्हणजे खरोखर एकट्याने. जागा दोघांच्याही घरची नको आणि चर्चचं कार्यालयही नको. रविवारी उपासना सुटल्यावर तर नकोच, लोक बघत असतात आणि दोघंही बघणाऱ्यांसाठी बोलतात. आठवड्यातली संध्याकाळ, अर्धा-पाऊण तास, एकच घटना, तिची तारीख, आणि ‘मला हे हवं आहे’ असं एक वाक्य. ‘तुम्ही नेहमीच’ हे दोन शब्द आले की उठा.

दुसऱ्या पायरीचे ‘एक-दोघे’ हे साक्षीदार आहेत, पाठीराखे नव्हेत. मुळात हा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा (१९:१५), न्यायनिवाड्यातला. म्हणून जो नातेवाईक नाही, देणेकरी नाही, ज्याला पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं नाही असा माणूस हवा. त्याने दोघांचं ऐकून कबूल झालेल्या गोष्टी चार ओळींत लिहाव्यात, दोघांनी सह्या कराव्यात, आणि महिन्याने पुन्हा भेटावं. न लिहिलेला समेट आठवड्यात दोन वेगवेगळे समेट होतो.

तिसऱ्या पायरीवर ‘तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार यांच्यासारखा होवो’ हे वाक्य येतं. ते वाळीत टाकण्याचा परवाना म्हणून वाचू नये. ज्याच्या नावाने ते शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता, आणि येशू त्याच्या घरी जेवला होता.

फिलिप्पैकरांस ४:२ ही बघा. युवदीया आणि सुंतुखे या दोन कामसू बायकांचं बिनसलं होतं. पौल ‘मी युवदीयेला विनंती करतो आणि सुंतुखेलाही विनंती करतो’ असं लिहितो. विनंती हा शब्द दोनदा, दोघींना वेगळा, कोण चूक ते न सांगता. पुढच्याच ओवीत तो तिसऱ्या सोबत्याला दोघींना मदत करायला सांगतो. तुमच्या पाळकांना हे पत्र दाखवा. रविवारी व्यासपीठावरून सूचक बोलण्यापेक्षा दोन घरी दोन विनंत्या घेऊन गेलेलं बरं.

प्रश्न : १८ ते २५ जानेवारीच्या ऐक्य-प्रार्थना सप्ताहात आमच्या गावातल्या तिन्ही मंडळ्यांची एक उपासना करायची आहे. नमुना द्यावा. (वेंगुर्ले)

या सप्ताहाची सुरुवात १९०८ ची. १८ ला तेव्हा पेत्राच्या अधिकारपीठाचा सण असे आणि २५ ला पौलाच्या परिवर्तनाचा, म्हणून या तारखा. १९६८ पासून दर वर्षाची संहिता व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. ती मागवा, मराठीत उतरवा, आणि अर्धी करा. पूर्ण घेतली तर दीड तास जातो, पाऊण ते एक तास पुरे.

तयारी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, नाताळनंतर कुणी हाती लागत नाही. प्रभुभोजन ठेवू नका. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मेजावर इतरांना साधारणपणे स्वागत असतं, कॅथलिक नियम तसा नाही. जे एकत्र करता येत नाही ते एकत्र करून दाखवण्याच्या भरात कुणाला तरी आपल्या बिशपांना उत्तर द्यावं लागतं, आणि पुढच्या वर्षी ती मंडळी येत नाही.

प्रभूची प्रार्थना छापून द्या. दोन्हीकडच्या मराठी शब्दांत थोडा फरक आहे, आणि प्रॉटेस्टंट मंडळी ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव’ पुढे म्हणतात तेव्हा कॅथलिक ‘आमेन’ म्हणून थांबलेले असतात. दरवर्षी तिथेच हसू येतं. प्रेषितांचा विश्वासांगीकार घेतलात तर ‘कॅथलिक’च्या जागी ‘सार्वत्रिक’ छापा, अर्थ तोच आहे.

गीतं पाच, त्यांतली निदान दोन सगळ्यांना पाठ असलेली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या ना. वा. टिळकांची भजनं प्रॉटेस्टंट मंडळींना पाठ असतात, टाळ-मृदंग असला की बाकीचेही धरतात. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला होता, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत म्हणून.

वाचन एका मंडळीचं, प्रवचन दुसरीचं, आणि यजमान मंडळीकडे यांतलं काहीच नाही, त्यांच्याकडे खुर्च्या, माइक आणि चहा. तिसरी मंडळी यजमान असल्याने मध्यस्थीच्या प्रार्थना कॉलेजच्या मुलांकडे द्या. दान कुठे जाणार ते पत्रिकेतच छापा, दवाखान्याला किंवा तिन्हींबाहेरच्या कामाला. पुढच्या वर्षी कोणाच्या देवळात, हे त्याच संध्याकाळी चहाच्या वेळी ठरवून तारीख लिहून घ्या. वीज जाण्याची सोयही बघा, जनरेटर कोणाकडे आहे ते सगळ्या गावाला माहीत असतं.